काचेच्या आतला घाम

घड्याळवालीला गप्प बसवायचं असेल तर तिच्या हातात काहीतरी बंद पडलेलं द्यावं. मग घरात कोण आलं, कोण गेलं, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कशाचा पत्ता नाही. वडिलांच्या दुकानात बसून ती घड्याळं उघडायला शिकली आणि लग्नानंतर सासरच्या पुढच्या खोलीत तिने स्वतःचं टेबल मांडलं. पण लोक वेळ मोबाइलवर बघायला लागले आणि टेबल ओस पडलं. बाईचे हात नुसते शिवशिवायचे. शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्यालाच दया आली. एक दिवस त्याने मोटारसायकलचं मीटर आणून तिच्यापुढे ठेवलं. पावसात गाडी चालवून काचेला आतून वाफ धरली होती, काटे कुठे आहेत ते दिसत नव्हतं.

"बघा वहिनी, हे घड्याळाचंच भावंड आहे."

तिने उलटंपालटं करून बघितलं आणि नाक मुरडलं. मीटरच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. "अहो, ही काय कामाची पद्धत झाली? माझ्या वडिलांनी असलं घड्याळ पाहिलं असतं तर करणाऱ्याला दुकानात उभं केलं नसतं!" तिने मीटर उघडलं, तबकडी पुसली, सगळं कोरडं केलं, काचेखालचं रबर बदललं आणि कारखान्याची ती चूक सिलिकॉनने बुजवून टाकली. काम देखणं झालं. गॅरेजवाल्याने आणखी मीटरं पाठवली आणि वर्षभरात दारावर पाटी लागली: "मीटर दुरुस्त करून मिळतील. पुन्हा थेंब शिरणार नाही." दुसरं वाक्य तिने हट्टाने लिहून घेतलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाऊस काय तुझ्या माहेरचा आहे, तुझं ऐकायला?" सूनबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि मग सिस्टर तिसऱ्यांदा आली.

ही सिस्टर मोटारसायकलवरून लांबलांबच्या वस्त्यांवर जायची आणि बाळंतिणींना बघायची. एकच मीटर, तिसऱ्यांदा वाफ धरलेलं. या खेपेला ती भांडलीसुद्धा नाही, आणि तेच घड्याळवालीला जड गेलं.

"काल पेट्रोलचा काटा दिसला नाही, ताई. गाडी मधेच बंद पडली. तासभर ढकलत गेले. पोचले तोवर बाळ झालं होतं, शेजारणीच्या हातावर."

"बरं आहे ना बाळ?"

"बरं आहे. आईपण बरी आहे. पण त्यात माझा काही हात नाही." सिस्टरने मीटर टेबलावर ठेवलं. "उद्या संध्याकाळी येते. जमत नसेल तर सरळ सांगा आणि ती पाटी उतरवा."

घड्याळवालीला जेवण गेलं नाही. पाटी उतरवायची म्हणजे टेबल पुन्हा ओसच पडायचं. पण खरं सांगायचं तर तिला त्याहून जास्त छळत होतं ते दुसरंच. पाणी शिरतंय कुठून? तिने स्वतःच्या हाताने सगळ्या फटी बंद केल्या होत्या. भिंगातून पाहिलं, बोटाने चाचपलं, कुठे म्हणून फट नाही. आणि आत बघावं तर चमचाभर पाणी!

सकाळी ऊन पडलं. तिने मीटर आतून कोरडं केलं, होतं तसं बंद केलं आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवलं. चांगलं चटका बसेल इतकं तापू दिलं. मग तांब्याभर गार पाणी घेऊन पावसासारखं वरून ओतायला लागली.

"मीटरला अंघोळ घालतेस? उटणं देऊ का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, थांबा. श्श."

मीटर उलटं करून तिने डोळा अगदी जवळ नेला. पाठीमागे जिथून बल्बची वायर आत जाते, तिथल्या रबराच्या कडेला पाणी साचलं होतं. ते बघता बघता कमी झालं. ओघळलं नाही, सांडलं नाही, आत ओढलं गेलं! तिने पुन्हा ओतलं. पुन्हा ओढलं गेलं. तापलेली हवा आत कोंडलेली, वरून गार पाणी पडलं की ती आक्रसते आणि मिळेल तिथून पाणी ओढून घेते. रबर कितीही घट्ट असू दे, वायरीच्या बाजूने केसाएवढी जागा राहतेच.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. आनंदाने तिच्या अंगावर काटा आला. इतके दिवस अडलेलं कोडं असं डोळ्यांदेखत सुटलं तर कुणाला आवडणार नाही?

पण आनंद टिकला दोन मिनिटं. कारण मग तिने चिमट्याने तळाचं सिलिकॉन उचकटलं. त्या भोकातून टप टप करत सगळं पाणी खाली आलं. मीटर पुन्हा तापवलं, पुन्हा पाणी ओतलं. आता वायरीपाशी साचलेलं पाणी जागचं हललं नाही. हवा खालच्या भोकातून आरामात येत-जात होती. मनगटावरचं घड्याळ हवाबंद ठेवायचं असतं. मीटरला श्वास लागतो. ती कारखान्याची चूक नव्हतीच, मुद्दाम ठेवलेली वाट होती. आणि हिने काय केलं होतं? घड्याळवालीचा तोरा मिरवत मीटरमागून मीटर बुजवलं होतं.

ती मटकन खाली बसली.

सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्या बाजूला येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "रबर खराब निघालं म्हणून सांग. त्या सिस्टरला काय कळतंय?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. संध्याकाळपर्यंत तिने ते वाक्य मनात दहा वेळा घोळवलं. सिस्टर आली, खुर्चीत न बसता उभीच राहिली. घड्याळवालीने भोक दाखवलं आणि एका दमात बोलून टाकलं, "हे मीच बुजवलं होतं. दोन्ही वेळा. पाणी आत शिरत होतं आणि मी त्याची बाहेर जायची वाट बंद केली. परवाचं जे झालं ते माझ्यामुळे."

सिस्टरचा चेहरा उतरला.

"आणखी किती जणांचं बुजवलंय?"

"एकतीस."

"त्यांच्यातलंही कुणीतरी कुणाकडे तरी घाईने निघालेलं असेल ना, ताई? फोन नंबर आहेत?"

घड्याळवालीने मोबाइल काढला. मीटर दूधवाला, मीटर मास्तर, मीटर निळी गाडी, अशी रांगच लागली होती. तिने पहिला नंबर लावला.

"नमस्कार, घड्याळवाली बोलतेय. गाडी घेऊन या. तुमच्या मीटरमध्ये मी चूक करून ठेवलीय."

"काहीतरीच काय," दूधवाला हसला, "माझं तर झकास चाललंय!"

"चालतंय तोवरच आणा," ती म्हणाली.

सिस्टर पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

"पुढचा लावा," ती म्हणाली.