रूथचे पप्पा, आमचे पास्टरसाहेब

पास्टरसाहेब काल गेले. त्यांच्याच मुलीला पाडून मी इंडिया टीममध्ये गेले होते.

हे आधीच सांगते. त्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळायचा नाही.

छावणीकडच्या एका छोट्या चर्चचे ते पाळक. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या ज्युडो सेंटरवर यायचे, खेळाडूंशी बोलायला. सिलेक्शनमध्ये त्यांचा काडीचाही हात नव्हता. म्हणूनच त्यांच्यासमोर बिनधास्त रडता यायचं.

मी पाचोडची, बौद्ध घरातली. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, "प्रज्ञा, मी ख्रिस्ताचा माणूस आहे, ते लपवणार नाही. पण तुला चर्चमध्ये न्यायला मी इथं येत नाही."

गावाकडून पप्पांचा फोन. "चर्चमध्ये न्यायला येत नाहीत ते, नक्की ना पोरी?"

"व्हय पप्पा. ते नुसतं ऐकून घेतात."

त्यांची रूथ माझी रूममेट. वजनी गटही एकच. मॅचआधी वजन करायचं असलं की दोघी मिळून उपाशी, आणि वजन झालं की दोघी मिळून क्रांती चौकात भजी.

मग एशियाची, म्हणजे आशियाई स्पर्धेच्या टीमची, ट्रायल लागली.

आमच्या गटात जागा एक. फायनलला आम्हीच दोघी.

आदल्या संध्याकाळी हॉस्टेलच्या पायऱ्यांवर मी त्यांना तोंडावर विचारलं, "साहेब, उद्या प्रार्थना कुणासाठी करणार?"

"दोघींसाठी. कुणाला लागू नये म्हणून."

"आणि जिंकायचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा. देवाला त्यात ओढू नका."

रूथ हसली. मी पण. त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. त्यात माझं नाव आधी आलं, रूथचं नंतर.

रूथनं एकदम डोळे उघडून वडिलांकडे बघितलं. ती नजर मी विसरले नाय.

दुसऱ्या दिवशी मॅचमध्ये शेवटपर्यंत रूथ पुढं होती. वेळ संपत आली, ती जरा पुढं झुकली, आणि मी तिला उचलून पाठीवर आपटलं.

पूर्ण पाठीवर पाडलं की ज्युडोत जिंकलंच. मॅच संपली.

पास्टरसाहेब मॅटच्या कडेला तिला धरून बसले. ती हुंदके देत होती. मी चेंजिंग रूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. इंडिया टीममध्ये आलेल्या मुलीला आनंद व्हायला पाहिजे ना? मला उलटी झाली.

रूथ सामान घेऊन घरी गेली. माझा फोन उचलेना.

पुढच्या शनिवारी मला वाटलं, आता कशाला येतील हे?

आले. थेट माझ्याकडे.

मला लई राग आला. "साहेब, रूथ घरी रडतेय. तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?"

ते माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "प्रज्ञा, खरं सांगू? त्या दिवशी तू हरावीस असं वाटत होतं मला. अगदी मनापासून. बाप आहे मी."

त्यांनीच पुढं सांगितलं,

"म्हणून तुझं नाव आधी घेतलं. रूथचं आधी घेतलं असतं, तर तुझ्यापर्यंत पोचलोच नसतो."

कुठल्याही मोठ्या माणसानं माझ्याशी इतकं खरं बोललेलं मला आठवत नाही.

"तिला सांगा ना माझ्याशी बोलायला," मी म्हणाले.

"नाही. तिला राग धरायचा हक्क आहे. तिचा राग संपला की तीच येईल."

आली. मी एशियाला जायच्या काही आठवडे आधी, एका सकाळी, ज्युडोचा ड्रेस घालून मॅटवर उभी.

"तोच थ्रो परत मार. बघू दे मला. तिकडच्या पोरी तो लगेच ओळखतील. बदलायला पाहिजे."

त्या दिवसापासून रोज तिनं माझ्याकडून आपटून घेतलं. मला तयार करण्यासाठी.

एशियाला मी दुसऱ्या राउंडला हरले. फोन पास्टरसाहेबांना लावला.

"साहेब, हरले."

"कळलं. जेवलीस का?"

"नाही."

"आधी जेव. मग हरल्याचं बोलू. मी इथंच आहे."

जेवले. मग बोललो. खूप वेळ.

या वर्षी आजारानं त्यांना अंथरुणावर पाडलं. तरी शनिवार चुकवायचा नाही म्हणून सेंटरच्या मुलांना फोन करायचे. आवाज खोल गेला होता, पण ऐकायचे सगळं.

आज त्यांना माती दिली. पाचोडहून पप्पा आले होते. सेंटरची सगळी पोरं ट्रॅकसूटमध्येच आली. एका नव्या मुलीनं मला हळूच विचारलं, "ताई, शनिवारी आता कोण येणार?"

माझ्याआधी रूथ बोलली. रडून डोळे सुजले होते तिचे.

"मी येते. पप्पांसारखं मला जमणार नाही. पण बसेन."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पण येतेस. विचारत नाहीये, सांगतेय."

येते गं.

पास्टरसाहेब, आमच्याकडून जयभीम. आणि तुमच्या चर्चमधल्या रीतीनं, सलाम.