सामानापाशी कोण बसणार?

वेल्समधल्या त्या डोंगराखाली मी पहिल्यांदा गेले तेव्हा वयाने पंचवीस वर्षांची होते आणि अकलेने फार तर पाच. लग्न करून इंग्लंडात येऊन सहा महिने झाले होते. हॅरोतली आम्ही चार मराठी जोडपी दोन गाड्या घेऊन निघालो होतो. माथ्यावर पाइनच्या जंगलात एक लाकडी मनोरा होता. वणवा लागला तर लगेच कळावं म्हणून उन्हाळाभर एक माणूस दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन त्यात बसायचा. तो मनोरा बघायचा, असा बेत.

गाड्या थांबल्या तशी पुरुषमंडळी बुटांच्या नाड्या आवळून चालूसुद्धा लागली. "सामानापाशी कोणीतरी बसायला हवं," आमचे हे जाता जाता म्हणाले. कोणीतरी म्हणजे आम्ही चौघी. सामान म्हणजे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि चहाचे दोन थर्मास. गाड्यांना कुलपं होती. कार पार्कात आमच्याखेरीज फक्त मेंढ्या. तरीही साडीवर स्वेटर आणि चपलांत मोजे घालून मी तीन तास डबे राखले. वरचा माणूस धुरावर नजर ठेवून, खाली मी पुऱ्यांवर. आणि त्याचा अभिमान किती! पुरुष परत आल्यावर मी वरचं काही विचारलंच नाही. "पुऱ्या गार झाल्यात, चालतील ना?" एवढंच विचारलं. ती पंचवीस वर्षांची बया आज भेटली तर दोन्ही कान उपटीन तिचे.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा गेले. हे आता नाहीत. गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला, तेव्हापासून लेकीने धोशा लावला होता, की जिन्याचं हॅरोचं घर विकायचं आणि मी मिल्टन कीन्सला तिच्याकडे खालच्या खोलीत राहायचं. शेवटी मीच म्हटलं, "त्या मनोऱ्यावर चढून दाखवते. चढले तर विषय बंद."

"ओके," ती म्हणाली. "पण अर्ध्यातून परत आलीस तर मंडे मॉर्निंगला एस्टेट एजंटला फोन करणार. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

तर त्याच कार पार्कात उतरलो. ती, जावई आणि मी. लेकीने चढाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, इट्स रिअली स्टीप. तू इथे बेंचवर बस ना. बॅगा पण आहेत. आम्ही फोटो काढून आणतो."

माझं डोकं असं तापलं, की वरून कोणी पाहिलं असतं तर धूर दिसला असता.

"बॅगा गाडीत टाक," मी म्हटलं आणि दोन्ही काठ्या घेऊन निघाले.

नवा गुडघा मुकाट चालत होता. कटकट करत होता तो जुना. लेक दर दहा पावलांना विचारायची, "पाणी? बसतेस?" कुत्रा घेऊन उतरणारी एक बाई म्हणाली, "नॉट फार नाउ!" या देशात असं कोणी म्हटलं, की अजून तासभर चढ आहे असं खुशाल धरावं.

पुढे वाटेवर आडवं झाड पडलेलं. जावई टांग टाकून पलीकडे गेला. माझी टांग काही तेवढी उठेना.

"दॅट्स इट, आई. परत जाऊ या."

मी खोडावर बसले.

"बघ, बसलीस! दमलीस तू."

"दमले नाही, पलीकडे चाललेय," असं म्हणून मी घसरत घसरत पलीकडे उतरले. पँटची शिवण मागून टर्रकन उसवली. मी जाकीट कमरेला बांधलं.

मनोऱ्याखाली पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. जावई भला माणूस. म्हणाला, "आई, इथवर आलात, म्हणजे जिंकलात तुम्ही. वर नाही गेलात तरी चालेल."

"तुम्हाला चालेल हो," मी म्हटलं.

बत्तीस पायऱ्या होत्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, कठडा धरत, मध्ये दोनदा थांबत चढले. वर रिकामी खोली, चारी बाजूंना खिडक्या. आता तिथे कोणी बसत नाही. खाली नुसतं जंगल, मध्येच तोडलेल्या झाडांचे बोडके चौकोन. फार सुंदर होतं असं नाही. पण मी चारही खिडक्यांतून सावकाश पाहिलं, घाई कोणाला होती!

लेक मागून आली आणि तिथल्या बाकड्यावर मटकन बसली. माझ्यापेक्षा जास्त धापा टाकत होती. मग म्हणाली, "विंटरमध्ये तरी येशील? जस्ट विंटर. मला भीती वाटते गं, आई. तू एकटी, तो जिना..."

तिचे डोळे भरले होते. मी तिच्या केसांत अडकलेले पाइनचे काटे काढले. मग म्हटलं, "येईन. पाहुणी म्हणून. चहा तू करायचा आणि परतीचं तिकीट मी आधीच काढणार."

ती डोळे पुसता पुसता हसली. "इम्पॉसिबल आहेस तू."

उतरायला लागलो तसा तिने हात पुढे केला. मी घेतला. उतरण्याबद्दल आमचं काहीच ठरलं नव्हतं.