नानांच्या कॉम्प्युटरचं नेट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याहून अमळनेरच्या एसटीत बसलो, तेव्हाच मी दमलेलो होतो. आदल्या आठवड्यात नरडाण्याच्या एका कारखान्यात पत्र्याखाली उभं राहून केबल ओढली होती आणि पाठ अजून कुरकुरत होती. त्यात सकाळी सातला फोन. "नेट चालत नाही." हे तीन शब्द मी आयुष्यात इतक्यांदा ऐकले आहेत, की समोरचा पुढे काय म्हणणार तेही मला पाठ आहे. "आम्ही काहीच केलं नाही." कुणीच कधी काही केलेलं नसतं. सगळं आपोआप बिघडतं आणि आपोआप मलाच फोन लागतो.

फोन कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसातून होता. ऑफिसात तीन कॉम्प्युटर. दोन चालू, नानांचा तेवढा बंद. नाना तिथले जुने कारकून, सत्तरीला टेकलेले. गाठींची गाडी बाहेर पडायची तर तिचा ऑनलाइन कागद नाना काढायचे, आणि त्यांना तेवढा एकच कॉम्प्युटर यायचा. दुसऱ्या मशीनवर बसवलं की माऊस परका वाटतो म्हणायचे.

मी पोचलो तेव्हा अंगणात भरलेला ट्रक उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर टायरला टेकून झोपला होता. शेठ दारातच भेटले. चाळिशीचा माणूस, वडिलांच्या माघारी गादीवर बसलेला, वाईट नाही, पण घाईचा.

"दुपारपर्यंत झालं तर बघा," नानांच्या समोरच ते म्हणाले, "नाही तर राहू द्या. कागद शेजारच्या टेबलावर निघतील. नानांनी तरी किती दिवस करायचं? घरी आराम करतील."

 शेठ आत गेल्यावर नाना माझ्याजवळ सरकले. दसऱ्याच्या पूजेसाठी मशीनच्या सगळ्या तारा त्यांनीच काढून, पुसून परत लावल्या होत्या, त्याचीच त्यांना धास्ती.

"पूजाकरता बठ्ठ्या तारा मीच काढ्यात, भाऊ. पुशीसन परत लायात. मंग असं काबरं व्हयनं?" आणि मग आणखी हळू, "घर बसीसन काय करसू मी?"

मुलगा-सून सुरतला, घरी दुसरं कुणी नाही, हे मला माहीत होतं. डब्यातली दुपारची भाकरीसुद्धा ते ऑफिसातच खायचे, सुट्टीच्या दिवशी कुठे खायचे कुणास ठाऊक. मला त्यांची दया आली आणि रागही आला, कारण आता हे मशीन चालू करणं म्हणजे नुसतं मशीन चालू करणं राहिलं नव्हतं.

कामाला लागलो. स्क्रीनवर लाल फुली, म्हणजे केबल जोडलेलीच नाही असं मशीन म्हणत होतं. केबल तर जोडलेली दिसत होती. ती बदलली. फुली तशीच. पलीकडे सगळ्या केबली जिथे येतात त्या डब्यातलं भोक बदललं. तशीच. तीच केबल माझ्या लॅपटॉपला लावली, तर नेट धो धो. मशीन बंद करून चालू केलं, सेटिंग पुसून पुन्हा भरलं. दीड तास गेला. नाना माझ्या मागे उभे होते, बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता आणि मला वैताग येत होता.

शेवटी टेबलाखाली शिरलो आणि मोबाईलचा उजेड मशीनच्या पाठीवर मारला. केबलचं टोक जिथे शिरतं त्या खाचेत काहीतरी लाल दिसलं. सुईनं टोकरून काढलं. कुंकू लागलेला तांदळाचा दाणा. पूजेच्या वेळी तारा काढलेल्या, खाचा उघड्या, वरून अक्षता पडल्या, आणि नंतर नानांनी केबल त्यावरच दाबून बसवली. आतल्या दोन पिना वाकून मोडल्या होत्या.

दाणा तळहातावर घेऊन नानांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"शेठले सांगू नका, भाऊ," ते म्हणाले.

माझ्या पिशवीत बाहेरून लावायचं एक छोटं नेटवर्क कार्ड होतं. ते लावलं. फुली गेली. नानांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि कागद काढला. ट्रक हलला. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"काय झालं होतं?" शेठनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "मशीन जुनं आहे. वय झालंय त्याचं. नानांचा काही दोष नाही."

मला वाटलं, छान वेळ मारून नेली.

दिवाळीनंतर शेठचा पुन्हा फोन आला, नव्या मशीनला प्रिंटर जोडून द्या म्हणून. गेलो तर नानांचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात पोत्याखाली, टेबलावर नवा, आणि त्यासमोर कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी.

"तुम्हीच म्हणालात ना वय झालंय," शेठ म्हणाले. "म्हटलं, गाडी अडून बसण्याआधीच बदलून टाकू. नव्यावर नानांचा हात बसेना. शाल-नारळ दिलं, मान ठेवला. सुरतला गेले मुलाकडे."

 मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. मशीन चांगलं होतं, आणखी दोन वर्षं सहज चाललं असतं, आत अक्षतांचा एक दाणा अडकला होता.

शेठ हसायलाच लागले. "अहो, मग तेव्हाच सांगायचं! अक्षता मीच टाकल्या. आमच्याकडे पूजा मालकानंच करायची असते. नानांनी नुसतं मशीन पुसून चौरंगावर ठेवलं आणि शेजारी उभे राहिले. मी त्यांना बोलणार होतो का?"

आणि नानांना हे माहीत होतं. पूजेच्या वेळी ते तिथेच उभे होते. सांगू नका म्हणाले ते स्वतःला वाचवायला नव्हे, आपल्याच हातून मशीन बिघडलं हे कळून शेठना ओशाळं वाटू नये म्हणून. आणि मी शहाणा, ते स्वतःसाठीच म्हणताहेत असं धरून चाललो.

परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवरून नानांना फोन लावला. सगळं सांगायचं, माफी मागायची, शेठ ते ऐकून नुसते हसले हेही सांगायचं, असं ठरवलं होतं. माझा आवाज ऐकून ते इतके खूश झाले, की मला बोलूच देईनात. सुरतेत गरम होतं, चौथ्या मजल्यावर घर आहे, खाली उतरायचं म्हणजे गुडघे दुखतात. मग एकदम थांबले.

"भाऊ, मन्हा कॉम्प्युटर चालू शे ना?"

"चालू आहे, नाना," मी म्हणालो.