वलणीवरची वायर

भुतंखेतं, चकवा, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नाही. पण पुढचं सांगण्याआधी माझा एक गाढवपणा कबूल करतो, नाहीतर गोष्ट उभीच राहणार नाही.

साल १९९८. राहुरी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. ओव्हरसियर लोक शेतावर जाऊन ऊस लागवडीची नोंद हातातल्या छोट्या मशीनवर घ्यायचे, संध्याकाळी ऑफिसात येऊन ते मुख्य कॉम्प्युटरला जोडायचे आणि मग मशीन कोरं करायचे. मुख्य कॉम्प्युटरवरची प्रत्येक नोंद वायरीतून शेजारच्या ‘स्टँडबाय’वर उतरायची. एक बंद पडला तर दुसरा तयार!

श्रावणात छत गळायला लागलं म्हणून मी दोन्ही कॉम्प्युटर हलवले. पुन्हा सगळं जोडलं... आणि एक लांब काळी वायर उरली. उरली म्हणजे जास्तीची असणार! घरी नेली. बायको खूश झाली, तिने ओसरीत कपडे वाळत घालायला तिचीच वलण बांधली. इकडे स्क्रीनवर रोज ‘प्रत झाली नाही’ असा मेसेज यायचा, आणि मी रोज एंटर मारून तो घालवायचो.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला गेलेली वीज परत आली ती दणक्यातच. मुख्य कॉम्प्युटरमधून धूर! आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आली ती वलण... तिच्यावर वाळत घातलेला माझाच शर्ट.

ऊसतोडीचा नंबर लागतो लागवडीच्या नोंदीवर. आठ दिवसांत नोंदवलेल्या सगळ्यांचा नंबर गेला होता, आणि माझी नोकरीही.

शेतकी अधिकारी साहेब आले. “अहो, दुसऱ्यावर सगळं असतं म्हणता ना? मग घाम कशाला पुसताय? लावा की!”

बारा वाजता स्टँडबाय लावला. आणि काय सांगू... सगळं होतं! आठही दिवसांचं! मी खुर्चीतून उडालोच. मग शेवटची ओळ वाचली आणि परत बसलो. देवळाली प्रवरा गट, हौसाबाई, दीड एकर. वेळ – आजची, अकरा वाजून दहा मिनिटं.

मुख्य कॉम्प्युटर तर साडेदहालाच गेला होता!

दोनच्या सुमाराला त्या गटाचे ओव्हरसियर भागवतनाना भिजून चिंब आले. मी दारातच गाठलं.

“नाना, आज कुणाची नोंद घेतली?”

“हौसाबाईची. दीड एकर हाय. अकरा वाजून गेले हुते. का वो?”

“मशीन कुठं जोडलं होतं का?”

“आन् कुठं जोडू, उसाला? तवापासून पिशवीतनं भाईर काढलं न्हाई. पाऊस लई हुता.”

मशीन उघडलं. तीच नोंद, तीच वेळ. नाना माझ्याकडे बघत म्हणाले, “जेवला न्हाई काय तुमी?”

साहेबांनी माझी पाठ थोपटली. “असं काम पाहिजे!” वायरीबद्दल आजवर कुणाला बोललो नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. नंतर कितीतरी जाणकारांना आडून आडून विचारलं. आठ दिवसांच्या नोंदींसाठी कुणी काहीतरी जुळवून सांगतं, पण हौसाबाईपाशी आले की सगळे विषय बदलतात. मलाही आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी तडक ओसरीत गेलो आणि स्टुलावर चढून वायर सोडायला लागलो. बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

“अहो, नेऊ नका ना ती! एवढा पाऊस, पण तिच्यावर कपडे तासात वाळतात. आठ दिवस हात लावून बघतेय, कोमट लागते. आज अकराच्या सुमाराला तर चटकाच बसला मला.”

मी गाठीवरचा हात मागे घेतला.

“आणि न्यायचीच असेल,” ती म्हणाली, “तर आधी तुमचा शर्ट काढा.”