यादीतलं पहिलं नाव

ती घटना आठवली की आजही माझं डोकं चक्रावतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागी आहे आणि तरी कुणाला दिसत नाही, अशी केस मला एकच भेटली.

तेव्हा मी नाशिकमध्ये एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्र तोंडावर आलं होतं. आमच्या हद्दीत फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची एक संस्था होती आणि तिचा स्वतःचा फूलबाजार होता. ओटे थोडे, शेतकरी फार. म्हणून संस्थेने वेबसाइट करून घेतली होती. आदल्या दिवशी मोबाइलवरून नोंद करायची, दुपारी चारला यादी छापून फळ्यावर लागायची. यादीत नाव असेल त्याला दुसऱ्या दिवशी ओटा, नसेल त्याने बाहेर रस्त्याच्या कडेला बसायचं. नावं सभासद क्रमांकाने लागायची.

सभासद क्रमांक एक म्हणजे तात्या. सत्तरी उलटलेले, आवाज खणखणीत. एके सकाळी ते ठाण्यात आले आणि माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "साहेब, माझं नाव कुणीतरी रोज खातंय."

"खातंय म्हणजे?"

"रोज नोंद करतो. मोबाइलवर येतं, तुमची नोंद झाली. आन् यादीत नावच नाय! आठ दिस झाले. ज्या संस्थेच्या कागदावर पहिली सही माझी, तिच्या बाजारात मी रस्त्यावर बसतोय. लोक हसत्यात."

"संशय कोणावर?"

"ती कॉम्प्युटरवाली पोरगी. तिला कामावर घेताना मी सभेत उभं राहून विरोध केला होता. तिनं डूख धरला. गुन्हा दाखल करा तिच्यावर."

मी अर्ज चौकशीला घेतला आणि मुलीला बोलावलं. चोवीस-पंचवीसची, एकलहऱ्याची. वडील तिथल्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. वेबसाइट तिनेच बनवलेली, आणि यादीही तीच छापायची. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "सर, मी कुणाचं नाव काढलेलं नाही. पण गुन्हा दाखल झाला तर माझं सगळं संपेल."

ते खरंच होतं. सरकारी खात्यात लिपिक म्हणून तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात येऊन पडला होता. शुक्रवारपर्यंत अहवाल जायचा होता. गुन्हा दाखल, एवढे दोन शब्द त्यात गेले असते तर नोकरी हातची गेलीच म्हणून समजा.

खोटं कशाला सांगू, मला तीच गुन्हेगार वाटली. राग होता, संधी होती, आणखी काय हवं? मी तिला दोन तास झापलं. ती रडली, पण तिचा शब्द काही बदलला नाही.

मंगळवारी सायबर शाखेकडून मागवलेला अहवाल आला. तक्रारीतल्या आठही दिवशी तात्यांची नोंद डेटाबेसमध्ये आहे, ती कोणीही खोडलेली नाही. मी तो कागद तीनदा वाचला. आमचे हवालदार शेजारी उभे.

"साहेब, मग नाव हाय का नाय?"

"आहे."

"मग यादीत का नाय?"

"अहो, मला काय विचारता! माझंच डोकं फिरलंय."

बुधवारी एक मावशी झेंडूची पाटी घेऊनच ठाण्यात शिरल्या. सभासद क्रमांक दोन. "साहेब, त्या पोरीला लय बोलू नका," म्हणाल्या. "तुमच्याकडं येऊन गेल्यावर तात्या एक दिस वणीला पावण्यांकडं गेले होते, त्यांनी नोंदच केली नव्हती. त्या दिशी यादीत माझं नाव नव्हतं. मला वाटलं, माझंच बटण चुकलं."

झालं! आता या मावशींवर मुलीचा कसला राग? माझी सगळी मांडणी कोलमडली. डूख असता तर तो तात्या नसल्याच्या दिवशी दुसऱ्या माणसाला कशाला चावला असता?

गुरुवारी मुलीला परत बोलावलं. ती कसलेसे कोडचे कागद छापून घेऊन आली होती. भाषा पीएचपी, असं म्हणाली. मला त्यातलं ओ की ठो कळेना. मी कागद बाजूला सारले. मुद्देमालाला बांधायची कोरी लेबलं मागवली, पाच लेबलांवर पहिल्या पाच सभासदांची नावं क्रमाने लिहिली आणि तिच्यापुढे गठ्ठा ठेवला. "तुझं यंत्र जे करतं ते हाताने करून दाखव. एकही पायरी गाळायची नाही."

"सर, आधी मी डेटाबेसला विचारते, उद्यासाठी कोणाच्या नोंदी आहेत? त्याला क्वेरी म्हणतात. उत्तर म्हणून हा गठ्ठा तयार होतो. पण तो एकदम हातात येत नाही. दे म्हटलं की वरची एक चिठ्ठी मिळते. परत दे म्हटलं की तिच्या खालची. संपल्या की नाही म्हणून उत्तर येतं."

"एकदा दिलेली चिठ्ठी परत देतं?"

"नाही सर, पुढेच सरकतं."

"बरं. छाप यादी."

तिने वरची चिठ्ठी उचलली, पाहिली, डाव्या हाताखाली ठेवली. दुसरी उचलली, नाव मोठ्याने वाचलं, कागदावर लिहिलं. मग तिसरी, चौथी, पाचवी.

"ती डाव्या हाताखालची कसली?"

"ती फक्त गठ्ठ्यात काही आहे का हे बघायला, सर. बाजाराच्या सुट्टीला नोंदी नसायच्या, मग कोरा कागद छापून यायचा आणि अध्यक्ष ओरडायचे. म्हणून परवा-परवा ही तपासणी घातली. एक तरी चिठ्ठी मिळाली तर यादी छापायची, नाहीतर आज नोंद नाही असं लिहायचं."

"मिळाली की. मग ती छापली कधी?"

हात उचलून तिने चिठ्ठी पाहिली. तिच्यावर तात्यांचं नाव होतं.

"अगं बाई," ती पुटपुटली. "सर, मी ही छापतच नाही."

तात्यांना बोलावून तोच खेळ पुन्हा करून दाखवला. त्यांनी स्वतःच्या नावाची चिठ्ठी उचलली.

"म्हंजे माझं नाव काढलं कुणी?"

"कुणीच नाही, तात्या. यंत्राने पहिलं नाव उचललं, कुणी आहे का ते पाहिलं आणि ठेवून दिलं. तुम्ही पहिले, एवढंच."

"आसं कसं? आठ दिस मी उन्हात बसलो. कुणीतरी केलं आसेलच की! मग मी आता रागवू कुणावर?"

नुकसान झालेलं, गुन्हा नाही, आरोपी नाही. याला आमच्या कुठल्या नमुन्यात रकाना आहे? तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "चूक माझीच आहे, सर. जबाबात तसं लिहा." ते मी लिहिलं. पण चूक म्हणजे गुन्हा नव्हे. पडताळणीच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने निरंक लिहिलं आणि अर्ज निकाली काढला.

नुकसान झालं म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलंच असणार, हे आम्हा पोलिसांच्या हाडात मुरलेलं असतं. त्यापायी मी एका पोरीचं आयुष्य उधळून लावणार होतो, याची मला आजही लाज वाटते. तेव्हापासून आधी घडलं कसं ते बघायचं आणि मग कुणी केलं ते विचारायचं, असं मी ठरवून टाकलं. तरी दर वेळी जमलं असं म्हणणार नाही.

शुक्रवारी चार वाजता मी मुद्दाम बाजारात गेलो. दुरुस्तीनंतरची पहिली यादी लागली होती, पण तात्या फळ्याकडे फिरकलेही नाहीत. ते थेट मुलीच्या खिडकीपाशी गेले आणि डोक्यावरची टोपी काढून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलले, "ह्या पोरीनं माझं कायबी वाकडं केलं नाय. मीच तिच्यावर आळ घेतला. मी चुकलो."

मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली. मी नोकरीत पुष्कळ कबुलीजबाब घेतले. न मागता, भर बाजारात मिळालेला हा एकच.