अण्णासाहेबांचा डावा डोळा

फडकं काढल्यावर काकी पुतळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हे कोण?"

पुतळा त्यांच्या नवऱ्याचा होता आणि अनावरण परवावर आलं होतं.

नवरा म्हणजे अण्णासाहेब, आमच्या बाजूच्या एका गावाचे तीन वेळा नगराध्यक्ष. गावाचं नाव सांगत नाही, पुढच्या ऑर्डरी बुडतील. अण्णासाहेबांचं मूळचं मिरच्यांचं दुकान. दुकानासमोरचं गटार कोणी साफ करीना, म्हणून चिडून निवडणुकीला उभे राहिले, आणि त्यानंतर जन्मभर त्यांचं लक्ष गटारावरच राहिलं. रोज सकाळी स्कूटरवरून बाजारात फेरी. ओरडणं नाही, दंड नाही. कोणाची टोपली गटारावर आलेली दिसली की स्कूटर थांबवायची आणि नुसतं बघायचं. टोपली आपोआप मागे जायची.

ऑर्डर त्यांच्या मुलाची, सुधीरशेठची. तेही आता नगराध्यक्षपदाला उभे राहणार होते. मला बजावून सांगितलं, "नाना, चेहरा प्रेमळ पाहिजे. लोकांना माया वाटली पाहिजे." फोटो दिला तो एका लग्नातला, पंगत उठल्यानंतरचा. भरल्या पोटी कोणीही प्रेमळच दिसतो.

आमचा कारखाना हमरापूरला. माझा जन्म गणपती करण्यात गेला, पुतळा एखादाच येतो. आधी मातीत चेहरा करायचा, त्यावरून साचा, साच्यातून फायबरचा कास्ट, मग रंग. सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे रंगवणं. ते काम आम्ही कोणाच्याही हातात देत नाही. तीस वर्षं मंदाताईच करतात. गणपतीची नजर किंचित खाली, समोरच्याला पोटात घेणारी. त्यांचा ब्रश त्या वाटेला सरावलेला. अण्णासाहेबांच्या वेळीही तो त्याच वाटेने गेला, आणि मला काही खटकलं नाही. आदल्या दिवशी पोस्टमन पत्र देऊन जाताना पुतळ्याला हात जोडून गेला, तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती.

"नाय गो बाय," काकी मंदाताईंना म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला. ह्यांनी असं माझ्याकडं कधी बघितलं नाय."

बरोबर आलेल्या सुधीरशेठनी समजावलं की लोकांना असाच चेहरा आवडेल. मग लोकांनाच बोलव, काकींनी सांगितलं, परक्या माणसावरचं फडकं ओढायला मी येणार नाही. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. अनावरण त्यांच्याच हस्ते होतं. शेठचा चेहरा उतरला. तेवढ्यात फोन वाजला आणि ते बाहेर गेले.

मंदाताईंनी हळूच विचारलं, "काकी, मग बघायचे कसे ते?"

काकींनी डावा डोळा बारीक केला. मी दोन पावलं मागे सरलो, खोटं कशाला सांगू.

"माझ्या भावाची शेड रस्त्यात येत व्हती," त्या म्हणाल्या. "पाडायला निघाले तवा मी दारात आडवी झाले. हाच डोळा बारीक केला नि गेले निघून, शेड पाडलीच. लय राग यायचा मला ह्या डोळ्याचा. पण ते असेच व्हते."

डोळा तसाच बारीक ठेवून त्या रडत होत्या.

मंदाताई म्हणाल्या, उजवा डोळा शेठसाठी ठेवू, डावा काकींसाठी करू. काकी घरी गेल्यावर आम्ही डाव्या पापणीवर पुट्टीचा थर चढवला, घासला, परत आखणी केली. दुसऱ्या दिवशी शेठ बघायला आले तेव्हा पुतळ्याच्या डाव्या अंगाला गणपती इतके दाटीने लावून ठेवले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी उजवीकडून बघितलं. पुढून बघायला निघाले, तर मंदाताईंनी चहा आडवा धरला. आई तयार झाली म्हणजे झालं, म्हणत शेठ चहा पिऊन गेले.

पुतळा बागेच्या कोपऱ्यात बसवला. त्याच्या डाव्या अंगाला भाजीबाजार. काकींनी फडकं ओढलं. टाळ्या काही लगेच वाजल्या नाहीत. बाजाराच्या बाजूने खरखर आवाज आला. मान वळवून बघितलं, तर भाजीवाले टोपल्या गटारावरून मागे ओढत होते.

काकींनी पदर सारखा केला. "आले," एवढंच म्हणाल्या.

शेठनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा कळलं, तो डोळा घराण्यातच आहे.

तेव्हापासून माणसाचा पुतळा करायचा तर मी फोटो ठेवून घेतो आणि घरच्या बाईला बोलावतो. सुधीरशेठ निवडून आले. नगरपालिकेतली त्यांची केबिन नेमकी पुतळ्याच्या डाव्या अंगाला येते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खिडकीला जाड पडदा लावून घेतला.