नीलेशने पेढा थुंकला

"घास पोटात जात नाहीये, फुप्फुसात जातोय," डॉक्टर म्हणाले आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

नीलेश माझा धाकटा भाऊ, चौतीस वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. बोलता येत नाही. हसतो, चिडतो, बाकी त्याला किती समजतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. आई गेल्यापासून त्याची अंघोळ, कपडे, भरवणं माझ्याकडे. ताप-खोकला घेऊन पनवेलच्या हॉस्पिटलात आलो, तेव्हा मला हायवेच्या धुळीचा संशय होता.

व्हिडिओफ्लुरोस्कोपी केली. म्हणजे गिळत असताना काढलेला चालता एक्स-रे. पडद्यावर घोट सरळ श्वासनलिकेत उतरला. नीलेशला साधा ठसकाही लागला नाही. याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. रोज प्रेमाने भरवायचं आणि ते असं जायचं?

"तोंडाने आता काहीही नाही. पोटात नळी बसवू, तिच्यातून पातळ अन्न द्यायचं. आत्ताचा ताप न्यूमोनियाचाच आहे, पुन्हा झाला तर वाचवणं कठीण."

डॉक्टर हे मला सांगत होते. नीलेश शेजारीच व्हीलचेअरवर होता. खाणं हे त्याचं एकुलतं एक सुख. मला देवाचा भयंकर राग आला.

नळी बसवून घरी आलो, तर दारात करंजा गावची आत्या पेढे घेऊन हजर. हॉस्पिटलातून सुटलेल्या माणसाचं तोंड गोड केल्याशिवाय आमच्यात कुणी त्याला आत घेत नाही. मी चाकाचा ब्रेक लावायला वाकले, तेवढ्यात तिने अर्धा पेढा त्याच्या तोंडात घातलासुद्धा.

"आत्या, नको!" मी किंचाळले.

"एवढासा तं हाय, काय व्हत नाय."

नीलेशने मान छातीवर पाडली. धडपडत, लाळेसकट, पेढा जिभेने बाहेर ढकलला. पेढ्यासाठी घर डोक्यावर घेणारा नीलेश! मग त्याने वाकडी मूठ शर्टाखालच्या नळीवर ठेवली आणि आत्याकडे पाहिलं.

मी पदराने त्याची हनुवटी पुसली. त्याने डॉक्टरांचा शब्दन्‌शब्द ऐकला होता.

"समाजतंय गो त्याला," आत्या रडायलाच लागली.

तुमच्या घरी असं माणूस असेल, तर त्याच्या डोक्यावरून बोलू नका, कुणाला बोलू देऊ नका. पुढच्या तपासणीला डॉक्टर माझ्याकडे बघून सुरू झाले, तेव्हा मी म्हटलं, "पेशंट तो आहे. त्याला विचारा."

ते जरा गोंधळले. चांगले आहेत बिचारे. आपली खुर्ची त्याच्याकडे वळवून म्हणाले, "नीलेश, नळीपाशी दुखतंय का?"

त्याची मान जोरात खाली गेली. दुखत होतं.